‘वय झालं’ हे आजाराचे नाव नव्हे

गेल्या सोमवारी, ऐन बाजारच्या दिवशी, एक गृहस्थ आपल्या ८१ वर्षांच्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. अण्णा वर्षापूर्वीपर्यंत रोज शेतावर चालत जात. गेल्या सहा महिन्यांपासून मात्र ते ओट्यावर नुसते बसून असतात. बोलणे कमी झाले, आवाज जड झाला, पोट साफ होत नाही, आणि सगळ्यांना उकडत असताना यांना अंगावर घोंगडी लागते. मी नाडी पाहिली. मिनिटाला ५२ ठोके होते. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, तसं विशेष काही नाही. वय झालंय आता. ताकदीची एक बाटली लावा, म्हणजे घरच्यांचंही समाधान होईल.”

‘वय झालं’ हे दोन शब्द मी गेली पंचवीस-तीस वर्षे रोज ऐकतो आहे. आजारी माणूस म्हणतो, मुले म्हणतात, शेजारीपाजारी म्हणतात, आणि खरे सांगायचे तर आम्ही डॉक्टर मंडळीही म्हणतो. आज या दोन शब्दांची जरा उलटतपासणी करू या. त्यासाठी मी पाच साक्षीदार निवडले आहेत. पाचही जण वेगवेगळ्या क्षेत्रांतले, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले. सारखेपणा एवढाच की पाचही जण वयाची १०१ वर्षे पूर्ण करून वारले. कोणीही १०२ ला पोचला नाही.

पाच जण, एक वय

पहिले आपल्या पुण्याचे प्रा. दिनकर बळवंत देवधर. जन्म १४ जानेवारी १८९२, मृत्यू २४ ऑगस्ट १९९३. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे हे प्राध्यापक महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. पन्नाशी उलटल्यावर, १९४४ साली, नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतक ठोकले.

दुसरे नीरद चौधरी. जन्म २३ नोव्हेंबर १८९७, आजच्या बांगलादेशातील किशोरगंज येथे; मृत्यू १ ऑगस्ट १९९९, इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे. किरकोळ अंगकाठीच्या या बंगाली लेखकाचे पहिले पुस्तक १९५१ साली, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर निघाले. सत्तरी ओलांडल्यावर ते देश सोडून ऑक्सफर्डला राहायला गेले. शेवटचे पुस्तक १९९७ साली निघाले. त्याच वर्षी त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली.

तिसऱ्या इंग्लंडच्या राजमाता एलिझाबेथ, म्हणजे राणी एलिझाबेथ यांच्या आई. जन्म ४ ऑगस्ट १९००, मृत्यू ३० मार्च २००२. चौथे अमेरिकेचे गीतकार-संगीतकार आयर्व्हिंग बर्लिन. जन्म ११ मे १८८८, मृत्यू २२ सप्टेंबर १९८९. रशियन साम्राज्यातून आईबापांबरोबर पाचव्या वर्षी न्यूयॉर्कला आलेला हा निर्वासित पोरगा लहानपणीच वडील वारल्याने रस्त्यावर गाणी म्हणून पैसे मिळवू लागला. पुढे त्यांनी शेकडो गाणी रचली, पण स्वरलिपी त्यांना अखेरपर्यंत नीट वाचता येत नव्हती.

पाचवे केरळचे माजी मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन. जन्म २० ऑक्टोबर १९२३, मृत्यू २१ जुलै २०२५. चार वर्षांचे असताना आई देवीच्या रोगाने गेली, काही वर्षांनी वडीलही गेले. शाळा सातवीत सुटली. आधी शिंप्याच्या दुकानात आणि मग काथ्याच्या कारखान्यात काम करत ते कामगार चळवळीत आले. २००६ साली मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

गुपित शोधू नका

असे लोक दिसले की आपण लगेच विचारतो, ‘यांचे रहस्य काय?’ ते खात काय होते, उठत किती वाजता, दूध घेत की ताक? पण या पाच जणांना शेजारी शेजारी बसवून पाहा. एक हाडाचा खेळाडू, एक दिवसभर पुस्तकांत मान घालून बसणारा. एक राजवाड्यात राहिलेली, एक अनाथ कामगार. अच्युतानंदन रोजचे चालणे आणि योगासने चुकवत नसत, तर राजमातांना जेवणाआधी जिनचा पेला आवडे. त्या शेवटपर्यंत हसतमुखाने लोकांत वावरल्या, पण बर्लिन म्हातारपणी एकलकोंडे झाले. १९८८ साली न्यूयॉर्कला त्यांच्या शंभरीचा मोठा सोहळा झाला, त्याला ते स्वतः गेलेही नाहीत. यातून कोणता एक नियम काढणार?

यात आणखी एक मेख आहे. जिनचा पेला घेऊन १०१ वर्षे जगलेली एक बाई आपल्याला माहीत असते. तोच पेला घेऊन साठीत यकृत खराब होऊन गेलेल्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. गावोगावी ऐकू येणारे ‘आमचे आजोबा तंबाखू खाऊन नव्वद वर्षे जगले’ हे वाक्य असेच असते. आजोबा जगले म्हणून त्यांची गोष्ट सांगायला नातू आहे. त्यांच्याबरोबर तंबाखू मळणारे जे पन्नाशीत गेले, त्यांची गोष्ट कोण सांगणार?

तंबाखूचेच उदाहरण घ्यायचे तर राजमातांच्या घरातच पाहा. त्यांचे पती राजे सहावे जॉर्ज भरपूर सिगारेट ओढत. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचे डावे फुप्फुस शस्त्रक्रिया करून काढावे लागले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये झोपेतच हृदयविकाराने ते गेले. वय अवघे ५६. त्यांच्या दोन मुलींपैकी राणी एलिझाबेथ ९६ वर्षे जगल्या. धाकट्या मार्गारेट अनेक वर्षे सिगारेट ओढत होत्या. त्यांना पक्षाघाताचे झटके आले आणि ७१ व्या वर्षी, आईच्या आधी सात आठवडे, त्या वारल्या. खानदान तेच, डॉक्टर तेच, राजवाडाही तोच. एका घराण्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे खरे, पण तंबाखूबद्दल शास्त्राने हजारो घरे पाहून जे सांगितले तेच या घरातही दिसते.

मग आनुवंशिकतेचे काय? डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्या भावंडांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या आयुष्यात जो फरक पडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा आनुवंशिक गुणांमुळे पडतो, असे त्यात आढळले. शंभरीपर्यंत पोचण्यात घराण्याचा वाटा याहून बराच मोठा असतो, हेही खरे आहे. म्हणून शंभरीचे आश्वासन मी कोणाला देत नाही. पण सत्तर-ऐंशीपर्यंत आपल्या पायांनी चालत जाणे, यात आपल्या हातात असलेला भाग खूप मोठा आहे.

शंभरीवालेही आजारी पडतात

आपली अशी समजूत असते की शंभर वर्षे जगणाऱ्याला कधी डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही. अमेरिकेत बोस्टन येथे १९९५ पासून शतायुषी लोकांचा अभ्यास चालू आहे. तेथील संशोधकांनी २००३ साली ४२४ शतायुषींच्या आजारांची माहिती मांडली. त्यांनी तीन गट केले. ऐंशीच्या आधीच मोठा आजार झालेले, ऐंशीनंतर झालेले आणि शंभरीपर्यंत मोठ्या आजारांतून सुटलेले. पुरुषांत अजिबात सुटलेले १०० त ३२ होते, बायकांत फक्त १५. उलट शंभरीला पोचलेल्या बायकांपैकी १०० त ४३ जणींना ऐंशीच्या आधीच रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांसारखा एखादा आजार झालेला होता. तरीही त्या शंभरी पाहायला जिवंत होत्या.

आजार झाला म्हणजे सारे संपले असे नव्हे, हे या आकड्यांवरून कळते. आजार ओळखला गेला, त्यावर उपचार झाले आणि माणूस पुन्हा उठून बसला, तर पुढे दहा-वीस वर्षेही असू शकतात.

राजमातांचीच गोष्ट पुढे सांगतो. १९९५ साली, ९४ व्या वर्षी, त्यांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ९५ व्या वर्षी, त्यांचा एका बाजूचा खुब्याचा सांधा बदलला. जानेवारी १९९८ मध्ये त्या घोड्यांच्या तबेल्यात पडल्या आणि दुसऱ्या बाजूचा खुबा मोडला. वय ९७. त्याही खुब्याचे ऑपरेशन झाले आणि काठीच्या आधाराने त्या पुन्हा चालू लागल्या. त्यानंतर त्या चार वर्षे जगल्या.

त्या राजमाता होत्या, त्यांच्या दिमतीला सारे राज्य होते, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण खुब्याचे ऑपरेशन आज आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. नसते ती घरच्यांची तयारी. ७८ वर्षांची आजी न्हाणीघरात घसरते, खुबा मोडतो, आणि घरात ठरते, ‘या वयात कापाकापी नको, पडून राहू दे, जुळेल आपोआप.’ खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाठीवर जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात. दोन-चार महिन्यांत आजी जाते आणि लोक म्हणतात, ‘वय झालं होतं.’ वयाने नव्हे, खाटेने ती गेलेली असते. बहुतेक रुग्णांत खुब्याचे ऑपरेशन एक-दोन दिवसांत करून त्यांना लवकरात लवकर उभे करणे हाच खरा उपाय आहे. हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंड फार खराब असेल तर गोष्ट वेगळी. पण ते तपासून ठरवायचे असते, जन्मतारीख पाहून नव्हे.

रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तेच. ‘आता ऐंशी झाली, कशाला गोळ्या?’ म्हणून त्या बंद करणारे माझ्या दवाखान्यात कितीतरी आहेत. ऐंशीवरच्या ३,८४५ रुग्णांवर अनेक देशांत झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सौम्य गोळ्यांनी दाब आटोक्यात ठेवलेल्या गटात, नुसत्या बिनऔषधाच्या गोळ्या दिलेल्या गटापेक्षा मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी होते. हृदय निकामी होण्याचे प्रमाण तर निम्म्याहूनही कमी झाले. या वयात दाब किती खाली आणायचा हे मात्र डॉक्टरांना ठरवू द्या. उभे राहताना चक्कर येत असेल तर ते जरूर सांगा, कारण गोळीचा डोस जास्त झालेला असू शकतो.

आणि ताकद? ती बाटलीत नसते. साध्या सलाईनच्या बाटलीत मीठ आणि पाणी असते, फार तर थोडी साखर. खरी ताकद स्नायूंत असते आणि ती कोणत्याही वयात वाढते. अमेरिकेत १९९० साली वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे आधीच्या अडीचपटीहून जास्त झाली.

मी केलेली चूक

दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. दवाखाना टाकून मला चार-पाच वर्षे झाली होती. गावातले एक निवृत्त मास्तर, वय ७६, दिवाळीच्या सुमारास अंगणात घसरून पडले. डोक्याला किरकोळ टेंगूळ आले, ते उतरलेही. महिनाभराने सूनबाई त्यांना घेऊन आल्या. मास्तर नावे विसरू लागले होते, चालताना तोल जात होता, दिवसा झोपून राहत होते आणि दोनदा कपड्यांतच लघवी झाली होती. मी रक्तदाब पाहिला, टॉनिक लिहून दिले आणि म्हणालो, “वहिनी, वय आहे. आता असंच चालायचं.”

पंधरा दिवसांनी त्यांचा पुण्याचा मुलगा आला. वडिलांची दशा पाहून तो त्यांना तसाच पुण्याला घेऊन गेला. तिथे डोक्याचा फोटो काढला तेव्हा कवटीच्या आत, मेंदूच्या बाजूला रक्त साठलेले निघाले. त्या छोट्याशा मारानंतर ते हळूहळू साठत गेले होते आणि मेंदूवर दाब येत होता. म्हाताऱ्या माणसात असे होते, हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. पण समोर वय दिसले आणि मी पुढे पाहायचेच थांबलो. कवटीला छोटे छिद्र पाडून रक्त काढले. तीन आठवड्यांनी मास्तर स्वतः चालत माझ्या दवाखान्यात आले, खुर्चीवर बसले आणि हसत म्हणाले, “डॉक्टर, तुमचं खरं होतं. वय झालंच होतं. ऑपरेशन झालं तरी ते तेवढंच आहे.”

ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. त्या दिवसापासून ‘वय झालं’ हे शब्द मी केसपेपरवर लिहिणे बंद केले.

‘वय झालं’च्या आड काय काय लपते?

वृद्धांचे आजार तरुणांसारखे ढोल वाजवत येत नाहीत. तरुणाला न्यूमोनिया झाला तर ताप भरतो, खोकला येतो. ऐंशीच्या माणसाला ताप येतोच असे नाही, तो नुसता जेवायचे सोडतो आणि असंबद्ध बोलू लागतो. छातीत न दुखताही त्याला हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, फक्त धाप लागते किंवा घाम फुटतो. लघवीत जंतुसंसर्ग झाला तर आजी एकाएकी घरच्यांना ओळखेनाशी होते. लोक म्हणतात, ‘चळ लागला.’ चळ लागलेला नसतो, योग्य औषधाने पुष्कळदा चार दिवसांत ती नातवाला नावाने हाक मारते.

म्हणून एक नियम लक्षात ठेवा. खरे वय सावकाश येते, वर्षावर्षाने. दोन दिवसांत, दोन आठवड्यांत किंवा दोन महिन्यांत माणूस बदलला, तर ते वय नव्हे, आजार आहे. पुढील गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका.

माणूस एकाएकी बडबडू लागला, गुंगीत राहू लागला किंवा वेळ-काळ विसरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांत एक तासही घालवू नका. थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

डोक्याला मार लागल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यांत वागणे, चालणे किंवा स्मरण बिघडले, तर तो मार डॉक्टरांना आठवणीने सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विशेष काळजी घ्या.

सुस्ती, थंडी सोसत नसणे, जड आवाज, बद्धकोष्ठ हे सगळे एकत्र असेल तर थायरॉईडची तपासणी करा. हातापायांना मुंग्या, जीभ लाल आणि स्मरण कमी असेल तर बी-१२ जीवनसत्त्व पाहा. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असताना माणूस गळून गेला तर रक्तातले सोडियम पाहा.

जेवण तुटले, झोप उडाली, ‘देवाने न्यावे’ असे रोज तोंडी येऊ लागले, तर त्याला वैराग्य समजू नका. ते नैराश्य असू शकते आणि त्यावरही औषध आहे. विशेषतः जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात लक्ष ठेवा.

वजन आपोआप घटणे, शौचातून किंवा लघवीतून रक्त जाणे, घास अडकणे यांना कोणत्याच वयात ‘वय’ म्हणता येत नाही.

आणखी एक. घरात म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या गोळ्या, म्हणजे कुठल्याही डॉक्टरांच्या, वैद्यांच्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा आपल्या डॉक्टरांसमोर ओता. निम्मे ‘वार्धक्य’ त्या पिशवीतच सापडते.

घरात काय करावे?

न्हाणीघरात खरखरीत फरशी किंवा रबरी पट्टी बसवा आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडी लावा. रात्री खाटेपासून संडासापर्यंत दिवा जळता ठेवा. विजेचे बिल खुब्याच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त असते. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, सकाळी दहा वेळा आणि संध्याकाळी दहा वेळा, हा मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे. तोल जात असेल तर कोणी जवळ उभे राहावे. जेवणात भाकरी-भाजीबरोबर वरण, उसळ, दूध, दही, चालत असेल त्यांनी अंडे, असे प्रथिनांचे काहीतरी रोज असावे. दात नसतील तर कवळी करून घ्या. ऐकू येत नसेल तर कानात मळ आहे का ते पाहा, आणि गरज असेल तर यंत्र लावा. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणेही सोडतो आणि एकटा पडतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा.

खर्चाची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण दिले आहे. त्यासाठी आधार कार्डावरून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढावे लागते. ते घरात कोणी आजारी पडण्याआधी काढून ठेवा.

दुसरी बाजू

याचा अर्थ प्रत्येक वृद्धाला अखेरच्या श्वासापर्यंत नळ्या लावून ठेवाव्यात, असा मुळीच नाही. अच्युतानंदन यांना २०१९ साली पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले आणि शेवटची वर्षे घरी मुलांच्या सोबतीत राहिले. कुठे थांबायचे हेही वैद्यकशास्त्रच आहे. पण थांबायचे ते आजार ओळखल्यानंतर, आणि त्या माणसाला विचारून. आपण बहुतेक वेळा त्यालाच विचारत नाही. दवाखान्यात मी म्हाताऱ्याला प्रश्न विचारतो आणि उत्तर मुलगा देतो.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीयाचे सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होते, आज ते ७० च्या आसपास आहे. ‘वय झालं’ ही आपली मोजपट्टी त्या जुन्या काळातली आहे. पन्नाशीत माणूस म्हातारा म्हणवला जाई, तेव्हाची. देवधर लहानपणी पुण्यात प्लेगची साथ होती, पंचविशी ओलांडली तेव्हा १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. तेव्हा उपचारच नव्हते, म्हणून लोक नशिबावर सोडून देत. आज उपचार असताना नशिबावर सोडणे याला काय म्हणायचे, ते तुम्हीच ठरवा.

सोमवारच्या अण्णांना मी बाटली लावली नाही. मुलगा थोडा नाराज झाला. रक्त तपासायला पाठवले. थायरॉईडचे काम जवळजवळ बंदच पडले होते. आता रोज सकाळी अनशेपोटी एक छोटी गोळी, अगदी कमी डोसापासून सुरुवात. गुण यायला काही आठवडे लागतील, हे मुलाला समजावून सांगितले. मग अण्णांना विचारले, “अण्णा, बरं वाटल्यावर पहिलं काय करणार?”

मुलगा उत्तर द्यायला निघाला होता. मी त्याला हातानेच थांबवले. बराच वेळ गेला. मग अण्णा जड आवाजात म्हणाले, “विहिरीवरचा आंबा बघून येईन. यंदा कोणी बघितला नाही.”